दोनशे दहा की साडेचारशे?

शुक्रवारी दुपारी चारनंतर कुठल्याही ऑफिसात कामाचे मेल कमी आणि बाइकचे फोटो जास्त फिरतात. क्युबिकलमधल्या प्रत्येकाला अचानक ‘ऑफ-रोडिंग’ करायचं असतं. ठाणे-कल्याणकरांचं तर नशीबच जोरावर! शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके अगदी हाकेच्या अंतरावर. कल्याणहून मुरबाड जेमतेम तीस किलोमीटर. पुढे लाल मुरमाचे रस्ते, ओढे, सागाची जंगलं आणि समोर सह्याद्रीची भिंत. प्रश्न एकच उरतो : जायचं कशावर?

रिसॉर्टमध्ये दहा मिनिटं चालवायला मिळते ती जाड टायरांची चारचाकी एटीव्ही डोक्यात असेल, तर सॉरी बॉस! आपल्याकडे बहुतेक एटीव्हींची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणीच होत नाही. पोलारिसने २०१९ मध्ये चक्क ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी एटीव्ही आणली होती, पण किंमत आठ लाखांच्या घरात. म्हणजे आपल्यासारख्या ईएमआयवाल्यांचा विषय संपला. मग उरतात दोन चाकं. त्यातही मित्रमंडळींचं भांडण शेवटी दोन नावांवर येऊन थांबतं : हिरोची एक्सपल्स २१० आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०.

कागदावरची कुस्ती

कागदावर बघितलं तर ही कुस्ती एकतर्फी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या हिमालयनला ४५२ सीसीचं इंजिन, ४० पीएस ताकद आणि १७ लिटरची टाकी. जानेवारी २०२५ मध्ये दाखल झालेल्या एक्सपल्सची ताकद साधारण साडेचोवीस पीएस, टाकी १३ लिटरची. नाशिक हायवेवर हिमालयनचा थ्रॉटल पिळला की ट्रक मागे पडतात. एक्सपल्सवर ओव्हरटेक करायच्या आधी थोडा हिशेब करावा लागतो.

पण एक मिनिट. आपण हायवे चालवायला निघालोय का? ठाण्याहून शहापूर तास-दीड तासाचं. खरी मजा सुरू होते ती किन्हवली, डोळखांब, टोकावड्याच्या आतल्या फाट्यांवर. तिथे चाळीसच्या वर काटा जातच नाही. मग ते चाळीस पीएस करणार काय? आणि खड्डे झेलायच्या बाबतीत धाकटी जराही मागे नाही. उलट तिच्या सस्पेन्शनची हालचाल पुढे २१० आणि मागे २०५ मिलिमीटर, तर हिमालयनची दोन्हीकडे २००. पुढचं चाक दोघींचंही २१ इंची.

खरा आकडा : वजन

सेल्समन सीसी सांगतो, मायलेज सांगतो, ब्लूटूथही सांगतो. वजन मात्र आपणच विचारायचं असतं. एक्सपल्स १७० किलोच्या आसपास, हिमालयन १९६. फरक पंचवीस-सव्वीस किलोंचा, म्हणजे तांदळाची एक गोणी! टारवर ही गोणी जाणवत नाही. जुलैमधल्या चिखलात, उतारावर, बाइक आडवी झाली की पहिल्या मिनिटात जाणवते.

आणि मंडळी, ट्रेलवर बाइक पडतेच. चांगल्या रायडरचीही पडते. पावसाळ्यात चिखल असतो आणि मार्चमध्ये वाळलेल्या सागाच्या पानांखाली दगड लपलेले असतात. पहिल्यांदा उचलताना जोश असतो. चौथ्यांदा उचलताना हात थरथरायला लागतात, आणि पाचव्यांदा बाइक पडते ती या थकव्यामुळेच. संध्याकाळचे साडेपाच वाजलेत, मोबाइलला रेंज नाही आणि सोबतचा मित्र दोन वळणं पुढे गेलाय. अशा वेळी जी बाइक तुम्ही एकट्याने उभी करू शकता, तीच तुमची. इतका साधा हिशेब आहे.

उंचीचंही तसंच. दोघींची सीट साधारण ८२५-८३० मिलिमीटरवर. माझ्यासारख्या सव्वापाच फुटी मुलीचे पंजे टेकतात, टाचा नाहीत. त्यामुळे ओढ्यात बाइक कलली की तोल सावरायला उरतो तो वजनातला फरकच.

खिशाचं काय?

बाजारात आली तेव्हा एक्सपल्स २१० ची एक्स-शोरूम किंमत पावणेदोन लाखांच्या आसपास होती आणि हिमालयनची पावणेतीन लाखांच्या. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीने दरी आणखी वाढवली. ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यापुढच्यांना थेट ४० टक्के. वर पडल्यावर वाकणारे लिव्हर, इंडिकेटर, क्रॅश गार्ड यांचा खर्च वेगळा धरा. लाखभर रुपये वाचले तर त्यातून आधी चांगलं हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि गुडघ्याचे गार्ड घ्या. उरलेल्यात कितीतरी वीकेण्ड निघतील!

मग हिमालयन घ्यायचीच नाही का? घ्या ना! वर्षातून एकदा स्पिती-लडाख, मागे सामान, दिवसाला चारशे किलोमीटर असा प्लॅन असेल तर तीच घ्या. लांबच्या पल्ल्यात ती थकत नाही आणि तुम्हालाही थकवत नाही. पण वर्षातले चाळीस रविवार मुरबाडला जाणार असाल, तर दहा दिवसांच्या लडाखसाठी ती गोणी वर्षभर का वाहायची?

वाट कुणाची?

आता थोडं सिरियस. आपण ज्याला ‘ट्रेल’ म्हणतो ती कुणाची तरी रोजची वाट असते. आपण वीस हजारांचं जॅकेट घालून जिथे फोटोसाठी थांबतो, तिथून पाड्यावरचे काका साध्या शंभर सीसीवर मागे पोती बांधून आरामात निघून जातात! भाताच्या खाचराचा बांध तुम्हाला उडी मारायचा रॅम्प वाटतो. टायरने तो फोडलात तर खाचरातलं पाणी वाहून जातं, आणि नुकती लावणी केलेल्या घरासाठी तो तोटा तुमच्या पंक्चरपेक्षा कितीतरी मोठा असतो.

जंगलाचे नियम तर पक्के आहेत. तानसा अभयारण्याचा मोठा भाग शहापूर तालुक्यात येतो. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात परवानगीशिवाय बाइक घालणं हा गुन्हा आहे, दंडावरच भागेल असं समजू नका. २००९ मध्ये माळशेज घाटात कॉलर लावून सोडलेला ‘आजोबा’ बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला होता. त्याच्यावर २०१४ मध्ये सिनेमाही आला. आपल्याला रिकामा वाटणारा हा पट्टा रात्री कुणाच्या येण्याजाण्याचा असतो, ते त्याने दाखवून दिलं. म्हणून अंधारापूर्वी डांबरी रस्त्यावर यायचं. नाणेघाटाला जायचं तर बाइक वैशाखऱ्याजवळ पायथ्याशी ठेवायची. सातवाहनांच्या काळातली ती व्यापारी वाट आजही पायीच चढायची आहे.

निघण्यापूर्वी

• टेस्ट राइडला फक्त पळवून बघू नका. इंजिन बंद करून बाइक पार्किंगच्या रॅम्पवर मागे ढकलून बघा. तिथे दम लागला तर चिखलात काय होईल?

• पडलेली बाइक उचलताना आधी इंजिन बंद करा आणि पहिला गिअर टाका. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टॅण्ड आधीच काढून ठेवा. बाइककडे पाठ करून बसा, एक हात हॅण्डलवर, दुसरा मागच्या दांडीवर, आणि जोर कमरेने नाही, पायांनी लावा.

• एकटे जाऊ नका. दोघं-तिघं बेस्ट. बारा जणांची वरात नको, पाड्यावरची पोरंबाळं, गुरं घाबरतात.

• फाट्यावर विचारा. “काका, ही वाट पुढे कुठं निघते?” हा प्रश्न कुठल्याही जीपीएसपेक्षा भरवशाचा. उत्तर ‘जाऊ नका’ असं आलं तर खरंच जाऊ नका.

• पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात अनेकदा बंदीचे आदेश असतात. आदल्या दिवशी बातम्या बघा. वाहत्या ओढ्यात आधी स्वतः उतरून बघा, तळ दिसत नसेल तर बाइक घालू नका.

तेव्हा माझं मत शहापूर-मुरबाडसाठी धाकटीलाच! रंग कोणता घ्यायचा ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा. तसंही किन्हवलीच्या पुढे गेल्यावर सगळ्या बाइक एकाच रंगाच्या दिसतात.