तलवार उपसण्याआधीचे एक वाक्य

मराठीत तलवार बाळगतात, उपसतात, परजतात, चालवतात आणि शेवटी म्यानही करतात. पाच क्रियापदे, पाच वेगळ्या कृती. बाळगणारा उपसेलच असे नाही आणि उपसणारा वार करीलच असेही नाही. हा फरक संगणकावरच्या खेळांत कुणी जपला असेल, तर तो निव्वळ शब्दांवर चालणाऱ्या खेळांनी, असे माझे मत आहे.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यांत चित्र नसते. समोरच्या जागेचे वर्णन वाचायचे आणि आपण काय करतो ते टाईप करायचे. १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ रचला. त्यात अनेक खेळाडू एकाच वेळी एकाच काल्पनिक भूमीत वावरू लागले. पुढे कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ आणला. त्यात उचललेली तलवार नुसती सामानात जाते. तिच्याने लढायचे तर ती हाती धरण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिली की तिथे हजर असलेल्या इतरांच्या पडद्यावर ओळ उमटते, अमक्याने तलवार हाती घेतली! ताकदीपेक्षा जड शस्त्र तर हाती धरताच येत नाही.

१९९०नंतर ‘मश’ प्रकारचे खेळ वाढले. तिथे भर भूमिका वठवण्यावर. अशा अनेक ठिकाणी एक रीत पाळतात. मी तलवार उपसून तुझ्या खांद्यावर वार करू पाहतो, एवढेच मी लिहायचे. तुझा खांदा तुटला, हे मी लिहायचे नाही. वार बसला की चुकला, ते ठरवताना तुझ्या शब्दाला मान. शस्त्र माझे, पण जखम तुझी!

याउलट १९९३चा ‘डूम’ पाहा. पडद्याच्या तळाशी बंदूक कायम रोखलेलीच. ती उपसावी लागत नाही, म्हणून न उपसण्याचा विचारही मनात येत नाही.

आमच्या गोव्यातल्या उत्सवी नाटकांच्या रसिकांना हे वेगळे सांगायला नको. ऐतिहासिक नाटकातल्या सरदाराचा हात मुठीवर जातो तेव्हाच मांडव चिडीचूप होतो. पुढची पत्र्याच्या तलवारींची खणाखण त्यामानाने फिकीच.

कुणी म्हणेल, शब्दांत झाली तरी ती मारामारीच ना? मान्य. ‘डिकूमड’मध्येही राक्षसांमागून राक्षस कापत सुटणारे पुष्कळ होते. पण खेळाची घडण निदान विचारत तरी होती, की बाबा रे, खरेच उपसायची आहे का?

मी सरकारी कारकून. फाइलवर लिहिलेले वाक्य हीच कृती असते आणि त्याखाली सही केली की ते मागे घेता येत नाही, हे आम्हाला रोज कळते. म्हणून घरातली मुले असले खेळ खेळत असतील तर आईबापांनी शस्त्र पाहून बिचकू नये. शस्त्र हाती घेण्याआधी त्यांना एक वाक्य लिहावे लागते का, आणि समोरच्याला उत्तर द्यायला जागा उरते का, एवढे पाहावे. ती जागा उरत असेल, तर मुलांना खुशाल खेळू द्यावे.