आधी गोळी, मग पाळणा

लग्नाला चार वर्षे होऊन पाळणा हलला नाही की गावात कुजबुज सुरू होते. त्यात पतिपत्नींपैकी एकास एच.आय.व्ही.ची बाधा असेल तर ती दोघे आपले दुःख कुणापाशी बोलतही नाहीत. अशांनी मुलाची आशाच धरू नये, असे म्हणणारे आजही भेटतात. आम्हांस हे मत मान्य नाही.

1992 साली इटलीतील डॉ. सेम्प्रिनी यांनी बाधित पतीचे वीर्य धुऊन, शुक्रजंतू वेगळे करून ते पत्नीच्या गर्भाशयात सोडण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. अनेकांना त्याने आधार मिळाला. पण या उपायाला शहरातील खास दवाखाना लागतो आणि पैसाही. त्यासाठी बैलजोडी विकायला निघण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आमचे सांगणे आहे.

कारण औषधाने आता बरेच काम सोपे केले आहे. पुणे व चेन्नईतील जोडप्यांचाही समावेश असलेल्या एका मोठ्या पाहणीत 2011 साली दिसले की, लवकर औषध सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण शेकडा 96 ने घटते. युरोपातील 888 जोडप्यांच्या पाहणीत (2016), बाधिताच्या रक्तातील विषाणू औषधाने दबलेला असताना जोडीदारास त्याच्याकडून एकही लागण झाली नाही. म्हणून रोज न चुकता गोळी घ्यावी, विषाणूची मोजणी करून घ्यावी, आणि तो किमान सहा महिने दबलेला राहिला की डॉक्टरांच्या सल्ल्याने नैसर्गिक रीतीनेच मूल होऊ देता येते. आई बाधित असल्यास उपचाराविना शंभरांतील 15 ते 45 बाळांना लागण होते. उपचाराने ती पाचांच्या आत येते. जन्मानंतर बाळालाही काही आठवडे औषध द्यावे लागते.

एक घोटाळा टाळावा. सरकारी रुग्णालयातील 'एआरटी केंद्र' हे या गोळ्यांचे असून तेथे औषध मोफत मिळते. वंध्यत्वाच्या खाजगी दवाखान्यांवरही 'एआरटी' हीच अक्षरे असतात, ते निराळे. आधी पहिल्याची पायरी चढावी.

परीक्षानळीतील गर्भधारणा चर्चला मान्य नाही, हे 1987 च्या व्हॅटिकन पत्रकात स्पष्ट आहे. गोळीचा मार्ग त्या शिकवणीच्या आड येत नाही. ज्यांना तो पुरणार नाही, त्यांनी डॉक्टरांशी व आपल्या धर्मगुरूंशी मोकळेपणी बोलावे. आपण इतरांनी मात्र बोटे दाखवू नयेत. बारशाला बोलावणे आले तर आनंदाने जावे, आणि बाळाला मांडीवर घ्यावे.