दहाव्या खंडाचा तंटा

दीर्घ कथा खंडशः प्रसिद्ध होऊ लागली म्हणजे तिच्या वाचकांत केव्हा ना केव्हा तट पडावयाचेच. पहिल्या दोन-चार खंडांपर्यंत सारे एका पंक्तीस जेवतात. पुढे एखादा खंड असा येतो की, निम्मी पंगत ताटावरून उठते आणि उरलेली निम्मी यजमानाचा कैवार घेऊन उठलेल्यांवर तुटून पडते. रॉबर्ट जॉर्डन ह्या अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ ह्या अद्भुतरम्य कादंबरीमालेत ही वेळ दहाव्या खंडाने, म्हणजे २००३ च्या जानेवारीत निघालेल्या ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ने, आणली. आमच्याकडील सुशिक्षित घरांतील तरुण मंडळीही हे जाडजूड इंग्रजी खंड आवडीने वाचतात व त्यांवरून हमरीतुमरीवर येतात. वडीलधाऱ्यांस हा सारा पोरखेळ वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाही. ह्या तंट्याच्या बुडाशी वाङ्मयविचारातील एक खरा प्रश्न आहे व दोन्ही पक्ष त्यास बगल देत आहेत, असे आमचे मत असल्यामुळे त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्यांनी ही माला वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत सांगणे अवश्य आहे. मालेचा पहिला खंड १९९० साली निघाला. प्रारंभी वर्षास एक, एखाद्या वर्षी दोनही, अशा वेगाने खंड बाहेर पडत होते. सहावा १९९४ साली आला. पुढे मात्र सातवा १९९६, आठवा १९९८, नववा २००० असे अंतर वाढत गेले आणि दहाव्यासाठी वाचकांस दोन वर्षांहून अधिक काळ ताटकळावे लागले. कथेतील जगात स्त्रिया व पुरुष ह्यांची जादूशक्ती वेगवेगळी आहे. पुरुषांच्या वाट्याची शक्ती तीन हजारांहून अधिक वर्षे विटाळलेली असून, ती हाताळणारा प्रत्येक पुरुष अखेर वेडा होतो. नवव्या खंडाच्या शेवटी नायक रँड हा विटाळ धुऊन काढतो. एका जगाचा जणू मूळ शाप तेथे फिटतो. इतक्या उंचीवर आणून सोडलेला वाचक दहावा खंड हाती घेतो, तेव्हा त्यास काय मिळते? सुमारे सातशे पृष्ठे, ज्यांपैकी बराच भाग त्याच दिवसापर्यंतचा काळ निरनिराळ्या पात्रांच्या बाजूने पुन्हा सांगण्यात खर्ची पडला आहे. पेरिन आपल्या पळवून नेलेल्या पत्नीच्या शोधात छावणी टाकून बसला आहे. राजकन्या इलेन सिंहासनासाठी सरदारांची मने वळवीत बसली आहे. एग्वीन वेढा घालून बसली आहे. मॅट एका फिरत्या खेळवाल्यांच्या तांड्याबरोबर रेंगाळत चालला आहे. आणि स्वतः नायक क्वचितच दृष्टीस पडतो.

ह्यावर पहिल्या पक्षाचा आक्षेप दुहेरी आहे. ह्या खंडात काही घडतच नाही, वस्त्रांच्या काठांची व चहाच्या पेल्यांची वर्णने तेवढी घडतात, हा एक. आणि चालते दुकान बंद पडू नये म्हणून लेखक-प्रकाशकांनी कथा मुद्दाम ताणली, हा दुसरा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, हा खंड म्हणजे एका अवाढव्य कादंबरीचे केवळ एक प्रकरण होय. इमारत पुरी होण्यापूर्वी एका भिंतीवरून तिची परीक्षा करणारे तुम्ही कोण? माला पुरी झाल्यावर सलग वाचा, म्हणजे ह्या खंडाचे मर्म आपोआप कळेल.

आधी आक्षेपकांचा समाचार घेऊ. लेखकाने पैशासाठी लिहिले, हा आक्षेप वाङ्मयविचाराच्या दरबारात दाखल करून घेण्याच्याच योग्यतेचा नाही. डिकन्सने आपल्या कादंबऱ्या मासिक वा साप्ताहिक हप्त्यांनी लिहिल्या आणि त्यावर तो उत्तम पैसाही मिळवीत असे. म्हणून त्या वाईट ठरल्या नाहीत. हेतूची चौकशी करणे हे पुष्कळदा कृतीची चौकशी टाळण्याचे साधन असते. शिवाय पुस्तक विकत घेणाऱ्यास चांगले पुस्तक मागण्याचा हक्क जरूर पोचतो. अमुक पात्राने अमुक पृष्ठाच्या आत लढाई मारावी, असा करार मात्र पुस्तकाच्या किमतीत अंतर्भूत नसतो.

‘काही घडत नाही’ हा आक्षेप अधिक वजनाचा आहे, परंतु ज्या शब्दांत तो मांडला जातो त्या शब्दांत तो खोटा आहे. संथपणा हा दोष नव्हे. जॉर्ज मार्टिन ह्यांच्या अशाच एका मालेचा चौथा खंड, ‘अ फीस्ट फॉर क्रोज’, २००५ साली निघाला, तेव्हा त्यावरही हेच खापर फोडण्यात आले. कथा लांबल्यामुळे मार्टिन ह्यांनी ती काळाप्रमाणे न तोडता पात्रांप्रमाणे तोडली, आणि वाचकांची काही अत्यंत आवडती पात्रे थेट २०११ च्या पाचव्या खंडापर्यंत दूर ठेवली. त्या चौथ्या खंडात ब्रिएन नावाची एक वीरांगना हरवलेल्या मुलीचा शोध करीत युद्धाने उजाड झालेल्या मुलखातून भटकते. ती मुलगी तेथे नाही, हे वाचकास पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणजे ‘घडण्या’च्या दृष्टीने ही सारी पायपीट व्यर्थच. परंतु मागील तीन खंडांत राजेलोकांनी ज्या लढाया जिंकल्या त्यांची किंमत कोणी भरली, हे त्या पायपिटीवाचून कळले नसते. आमच्या वाचकांस जवळचे उदाहरण द्यावयाचे तर महाभारताचे आहे. युद्ध संपल्यावर येणाऱ्या स्त्रीपर्वात एकही लढाई नाही, म्हणून ते गाळावे असे कोणी रसिक म्हणेल काय? अठरा दिवसांत जे घडले ते किती भयंकर होते, हे गांधारीच्या विलापाने प्रथम पूर्णपणे उमगते, आणि तिच्या तोंडून निघालेला शाप पुढे मौसलपर्वात यादवकुळाचा घास घेतो.

म्हणजे मोठ्या घटनेनंतर कथेने थांबावे, मागे वळून पाहावे, हे सर्वस्वी न्याय्य आहे. कसोटी एवढीच की, त्या थांबण्याने घडलेली गोष्ट अधिक जड झाली पाहिजे. ह्या कसोटीवर दहावा खंड घासून पाहिला म्हणजे त्याचा खरा दोष दिसून येतो, आणि तो आक्षेपकांनी दाखविलेल्या दोषाहून गंभीर आहे. तीन हजार वर्षांचा शाप फिटला. आता त्या जगातील प्रत्येक नाते, प्रत्येक भीती, प्रत्येक कायदा डळमळावयास हवा होता. ह्या खंडात घडते ते असे की, एकामागून एक पात्रास दूर क्षितिजाकडे प्रचंड शक्तीचा उद्रेक जाणवतो. प्रत्येक जण दचकतो, तर्क करतो, बहुधा चुकीचा तर्क करतो, आणि आपल्या मूळ कामास लागतो. एक बाब मात्र न्यायाने सांगितली पाहिजे: त्या उद्रेकाच्या धास्तीने एग्वीनच्या बाजूच्या स्त्रियांची सभा आजवर तिरस्करणीय मानलेल्या शक्तिधारी पुरुषांशी संधान बांधण्याचा विचार करते, व तेथे कथेस खरोखर कलाटणी मिळते. परंतु सातशे पृष्ठांच्या मानाने ही प्राप्ती फारच तुटपुंजी होय. एकच वीज पाच खिडक्यांतून पुन्हा पुन्हा दाखविल्याने तिचे तेज वाढत नाही. जॉर्डनला येथे आपले स्त्रीपर्व लिहिण्याची संधी होती. त्याने त्या संधीचे वेळापत्रक तेवढे लिहिले.

असे असूनही हा खंड सरसकट टाकाऊ आहे असे म्हणणाऱ्यांस आम्ही एक प्रकरण पुन्हा वाचण्याची विनंती करू. पेरिन हा मूळचा लोहार. पहिल्या खंडात त्याच्या हाती कुऱ्हाड येते, तेव्हा एक अनुभवी वनवासी त्यास सांगतो की, ती चालविण्याचा तिटकारा वाटतो आहे तोवर ती खुशाल जवळ ठेव. तिटकारा नाहीसा होईल त्या दिवशी ती फेकून दे. दहाव्या खंडात पत्नीचा ठावठिकाणा काढण्यासाठी पेरिन एका कैद्याचा हात त्याच कुऱ्हाडीने तोडतो, आणि उरलेल्यांस धमकी देतो की, तुम्हांस ठार करणार नाही, लुळेपांगळे करून भीक मागत जगावयास लावीन. नंतर तो ती कुऱ्हाड झाडात भिरकावून निघून जातो. येथे लढाई नाही, जादू नाही. परंतु तेरा वर्षांपूर्वी पेरलेले बीज येथे रुजून आले आहे, आणि एक सज्जन मनुष्य प्रेमापायी कोठवर घसरतो हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. दीर्घ माला जे करू शकते व लहान कथा करू शकत नाही, ते हेच. त्याच भागात पेरिन धान्य विकत घेण्यासाठी एका गावी जातो, तेथे धान्यास किडे लागलेले आहेत व गावात भुते वावरत आहेत. हेही प्रकरण संथ आहे. परंतु सृष्टीचे वस्त्र कोठे तरी उसवू लागले आहे ही भीती ते मनात उतरविते. ज्या लेखणीस हे साधले तिला बाकीचे का साधू नये, असा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

आता कैवाऱ्यांकडे वळू, कारण त्यांचा युक्तिवाद आम्हांस अधिक घातक वाटतो. ‘सलग वाचा’ असे ते म्हणतात. मालेचे सर्व खंड समोर ठेवून वाचणारास हा खंड तितका जाचत नाही, हे आम्हांस मान्य आहे. वाट पाहण्याचा जो वैताग २००३ च्या वाचकाने पुस्तकावर काढला, तो आजच्या वाचकास नसतो. पण ह्यावरून सिद्ध काय झाले? वैताग दोन प्रकारचा होता, आणि त्यांपैकी एक आता उरला नाही, इतकेच. दुसरा उरतोच. २००५ सालचा अकरावा खंड, ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’, उघडून पाहावा: पेरिनची पत्नी सुटते, इलेनला सिंहासन मिळते, मॅटचे लग्न लागते. दहाव्यात रखडलेली तिन्ही कामे एका खंडात मार्गी लागतात. अकरावा समजण्यासाठी दहाव्यातील ज्या गोष्टी खरोखर लागतात, त्या अर्थात पेरिनची कुऱ्हाड, एग्वीनचे शत्रूच्या हाती सापडणे आणि अशाच आणखी दोन-तीन. त्यांना आमच्या हिशेबाने दीडशे पृष्ठे पुरली असती. इमारत पुरी झाल्यावर ही भिंत वजन पेलते असे दिसेल, हे कैवाऱ्यांचे भाकीत होते. इमारत पुरी झाली, आणि ह्या भिंतीवर फारसे वजनच आलेले नाही असे दिसले.

शिवाय ‘शेवटपर्यंत थांबा’ ह्या युक्तिवादात एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे शेवट लेखकाच्या हातून होईल. मार्च २००६ मध्ये जॉर्डनने आपल्यास हृदयाचा असाध्य विकार जडल्याचे जाहीर केले, आणि १६ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, तो वारला. त्याच्या टिपणांवरून व लिहून झालेल्या भागांवरून ब्रँडन सँडरसन ह्या तरुण लेखकाने माला पुरी केली; एका खंडात बसवावयाचा शेवट तीन खंडांचा झाला व चौदावा, अखेरचा खंड जानेवारी २०१३ मध्ये निघाला. दहावा खंड प्रसिद्ध झाला त्या दिवशी ह्या लेखकापाशी पाच वर्षेही उरली नव्हती. हे त्यास ठाऊक नव्हते; कोणासच नसते. त्याबद्दल त्यास दोष देणे माणुसकीस सोडून होईल. परंतु लेखकाचे आयुष्य हे मालेचे खरे भांडवल असते, आणि ते वाढवून मिळत नाही. त्या भांडवलातील दोन वर्षे ज्या पृष्ठांवर खर्च झाली, त्या पृष्ठांचा हिशेब मागणे हा कृतघ्नपणा कसा? त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला शेवट आपणांस लाभला नाही, ह्याची हळहळ ज्यास वाटते त्यानेच हा हिशेब अधिक कसोशीने मागितला पाहिजे. आम्हांस तरी ह्या खंडाचा राग पैशासाठी येत नाही, ह्या वर्षांसाठी येतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जो खंड स्वतंत्र नावाने, स्वतंत्र वेष्टनात, स्वतंत्र किमतीस विकला जातो, त्याने खंड म्हणूनच उत्तर दिले पाहिजे. मागील खंडांची पुण्याई व पुढील खंडांची आशा ही त्याची जामीन होऊ शकत नाही. ‘करमणूक’ साप्ताहिकातून हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या आठवड्यामागून आठवडा वाचणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांस हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या कथेचे सुख आणि तगमग दोन्ही ठाऊक होती. आजच्या वाचकास ती काही नवी नाहीत. नवे आहे ते हे की, विद्वान मंडळी अशा कथांकडे नाक मुरडून पाहत नाहीत की हात लावून पाहत नाहीत, आणि म्हणून त्यांचा न्यायनिवाडा भक्त व रुष्ट भक्त ह्या दोनच वर्गांच्या हाती राहिला आहे. भक्त दोष पाहू शकत नाही. रुष्ट भक्त दोषावाचून दुसरे काही पाहू शकत नाही. ज्यांनी वाङ्मयाची परीक्षा हा आपला व्यवसाय मानला आहे, त्यांनी ही जागा रिकामी सोडली हा अपराध लहान नाही. लक्षावधी लोक ज्या कथेवर वर्षानुवर्षे जीव टाकतात, तिचा दहावा खंड का फसला व त्यातील एक प्रकरण का फसले नाही, हे सांगता येत नसेल, तर आमच्या परीक्षणशास्त्राने अभिजात ग्रंथांच्या बाबतीत तरी काय दिवे लावले आहेत, असे कोणी विचारल्यास आम्हांस उत्तर देणे कठीण जाईल.