एसजीपीटी वाढले, पण कशामुळे?

यकृत प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या रक्तात एसजीपीटीचा आकडा वाढला, की घरच्यांना पहिली धास्ती वाटते ती शरीराने नवे यकृत नाकारल्याची. पुष्कळदा ती खरीही ठरते. पण विषाणूसंसर्गातही हाच आकडा वाढतो आणि पित्तनलिका अरुंद झाली तरी वाढतो. कारण बदलले की उपचार बदलतो, कधी कधी थेट उलटा होतो. शरीर यकृत नाकारत असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवावी लागतात. सायटोमेगॅलो किंवा एपस्टाइन-बार विषाणू असेल तर बहुधा तीच औषधे कमी करावी लागतात. त्यामुळे नुसत्या आकड्यावरून औषध ठरवणे मुलाच्या जिवावर बेतू शकते.

या दोन शक्यतांच्या पलीकडे तिसरीही आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील नंदा केरकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ती मांडली. प्रत्यारोपण झालेल्या १८० मुलांपैकी सात जणांच्या नव्या यकृताला वेगळ्याच प्रकारची सूज आली होती. मूळ आजार स्वयंप्रतिकाराचा नसतानाही त्यांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन ही स्वयंप्रतिकार यकृतदाहाची नेहमीची औषधे त्यांना लागू पडली. योगायोग असा, की त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात भारतातील बालकावरचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. ते मूल पुढे स्वतः डॉक्टर झाले.

गोंदिया जिल्ह्यात हा गुंता आणखी वाढतो. सालेकसा, देवरीकडे ताप म्हटला की आधी मलेरिया तपासतात आणि ते योग्यच आहे. पूर्व विदर्भात सिकलसेल बराच आढळत असल्याने चेहरा फिकट आणि डोळे पिवळे दिसले की संशय तिकडे वळतो. मात्र प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस घेणाऱ्या काही मुलांत क्वचित शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागते आणि मूल तसेच दिसते. कूम्ब्स चाचणीतून ते उमगते. ही चाचणी रक्तपेढीच्या रोजच्या सरावातली आहे, फक्त ती वेळेवर आठवायला हवी.

टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी मोजणे दिसते सोपे, पण खरी गफलत तिथेच होते. रक्त सकाळच्या डोसआधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर सुमारे बारा तासांनी घ्यायचे असते. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईत उतरलेली आई मुलाला वेळेवर गोळी देते आणि मगच रुग्णालय गाठते. तिच्याकडून काहीच चुकलेले नसते, पण त्या दिवशीचा आकडा फसवा येतो. जुलाब लागले तर पातळी चढते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोलनेही चढते, तर क्षयावरच्या रिफॅम्पिसिनने घसरते. म्हणून जवळच्या डॉक्टरांनी साधे औषध लिहिण्यापूर्वी प्रत्यारोपण केंद्राला फोन करायला हवा, आणि पालकांनी औषधांची यादी सोबत ठेवायला हवी.

शेवटचा निवाडा बहुतेक वेळा बायोप्सीतून होतो. सुईने घेतलेला यकृताचा बारीक तुकडा वाचायला अनुभवी नजर लागते आणि ती मोठ्या केंद्रातच मिळते. आकडे नीट असतानाही आत डाग पडत गेल्याचे काही मुलांच्या बायोप्सीत आढळले आहे, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढ्यावर फेरतपासणी टाळणे धोक्याचे. पण आधीचा बराचसा भाग गोंदियात होऊ शकतो. इथे २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डोसआधी रक्त घेणे, मलेरिया आणि कूम्ब्स तपासणे, सोनोग्राफीत यकृताच्या रक्तवाहिन्या पाहणे आणि अहवाल त्याच दिवशी केंद्राला पाठवणे, एवढे झाले तर मुंबईची गाडी पकडायची की नाही, हे निदान कशासाठी ते ठाऊक असताना ठरेल.