रविवारची फॅमिली बॅच

आमच्या भागातल्या महापालिकेच्या तरणतलावावर दर रविवारी संध्याकाळी साडेचार ते सव्वापाच फॅमिली बॅच असते. एरवी तिथं वेळा वाटून दिलेल्या आहेत. भल्या पहाटे नोकरदार पुरुष, दहा वाजता बायका, दुपारनंतर शाळकरी पोरं. रविवारच्या त्या पाऊण तासात मात्र आई, बाप, लेकरं सगळी एकाच पाण्यात. मला विचाराल तर आठवड्यातलं तलावाचं सर्वांत मोलाचं काम त्याच पाऊण तासात होतं.

मी पोहायला शिकले त्रेचाळिसाव्या वर्षी. माहेर सातारा जिल्ह्यातलं, मळ्यात भरलेली विहीर. भाऊ, चुलतभाऊ पाठीला सुका भोपळा बांधून त्या विहिरीत शिकले. काका त्यांच्या कमरेला दोर बांधून वरून सोडायचे. आम्ही बहिणी काठावर त्यांचे कपडे राखत बसायचो. आम्हाला कुणी नको म्हटलं नाही, पण ये असंही कुणी म्हटलं नाही. मुटका मारला की उडणारं पाणी आमच्या परकरांवर यायचं, तेवढाच आमचा पाण्याशी संबंध.

लेडीज बॅचला नाव घातलं त्या पहिल्या आठवड्यात मी कडेचा पाईप सोडलाच नाही. पाणी छातीइतकं, म्हणजे बुडण्याचा प्रश्नच नाही, तरी बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट धरलेला. शिकवणाऱ्या बाई शेजारी येऊन म्हणाल्या, “ताई, आधी तोंड पाण्यात घाला आणि श्वास सोडा. बुडबुडे दिसू देत मला.” नवशिका श्वास कोंडतो आणि डोकं वर ताणतो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग हातपाय झाडावे लागतात. मान सैल सोडली, छातीत हवा भरली, की अंग आपोआप वर येतं. हे ऐकायला सोपं वाटतं. माझ्या मानेला ते कळायला अठरा दिवस लागले. एकोणिसाव्या दिवशी पाठीवर तरंगले. कान पाण्यात, बाहेरचा सगळा गलका बंद, फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता. घरी येऊन पहिल्यांदा आईला फोन केला.

बाप पोहणारा आणि आई काठावर, असं ज्या घरात असतं तिथल्या मुलींना पाणी हे दुरून बघायचं असतं असंच वाटत राहतं. फॅमिली बॅचला ते बदलताना दिसतं. मागच्या रविवारी एक रिक्षावाले आपल्या सहा वर्षांच्या लेकीच्या पोटाखाली तळहात धरून उभे होते. तिची आई पूर्ण अंग झाकणारा पोशाख घालून शेजारीच पाय मारायला शिकत होती. लेक मध्येच थांबून आईला सांगत होती, “गुडघे वाकवू नकोस गं!”

दारावरचे काका शॉवर घेतल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, यावरून वाद होतात. काकांचंच बरोबर आहे. तलावाला येणारा तो उग्र वास बहुतेकांना जास्त क्लोरीनचा वाटतो. खरं म्हणजे क्लोरीनची घामाशी आणि लघवीशी प्रक्रिया होऊन जी संयुगं बनतात, त्यांचा तो वास. डोळेही त्यांनीच चुरचुरतात. अंग धुऊन उतरलं की औषध जंतू मारायला मोकळं राहतं.

हाच तलाव मध्यंतरी दुरुस्तीच्या नावाखाली दोन उन्हाळे बंद होता. फाटकावर पाटी, आत कोरडी निळी फरशी. त्या दोन उन्हाळ्यांत आमच्या वस्तीतली पोरं जुन्या खाणीच्या पाण्यावर जायची. तिथं ना जीवरक्षक, ना तळाचा अंदाज. त्यांच्या आया संध्याकाळपर्यंत जीव मुठीत धरून बसायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली, आणि त्यांतली बहुसंख्य आपल्यासारख्या देशांतली. तलाव बंद ठेवणं म्हणजे नुसती करमणूक बंद ठेवणं नव्हे, हे मी तळमळून सांगते आहे.

पाण्यानं माणूस उभा केल्याचं उदाहरण तर आपल्या मातीतलंच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धा होते. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग निकामी झालं. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. आमच्या तलावाला व्हीलचेअरसाठी उतार नाही. तो हवा. बायकांना नोकरीवरून आल्यावर, सात वाजताची एक बॅच हवी. आणि फॅमिली बॅच मे महिन्यात तरी रोज हवी. वॉर्ड ऑफिसात तसा अर्ज आम्ही तेहतीस जणींनी सह्या करून दिला आहे.

गेल्या महिन्यात आई आली होती राहायला. वय एकाहत्तर. डॉक्टरांचं पत्र घेतलं, टोपी घेतली आणि रविवारी तिला उथळ बाजूच्या पायरीवर बसवलं. गुडघ्यांपर्यंत पाण्यात पाय सोडून ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मग एक पायरी खाली सरकली, माझा हात धरला आणि म्हणाली, “सोडू नकोस हं एवढ्यात.”