किल्ट : समारंभाचा आणि नित्याचा

आमच्या घरांत पूजेस बसतांना धोतर सोडून पीतांबर नेसतात. म्हणजे वस्त्रच बदलतें. स्कॉटलंडांतील पुरुषांच्या किल्टाची रीत याहून निराळी आहे. तेथें वस्त्र बहुधा तेंच राहतें आणि त्याचा परिवार बदलतो. ज्यांचे मुलगे एडिंबरो वा ग्लासगो येथें शिकावयास आहेत, त्यांना एखाद्या सहाध्यायाच्या लग्नानिमित्त या वेषाचा विचार करावा लागतो; आणि वरील भेद ध्यानांत न आल्यास नको तेथें पैसा जातो.

परंपरागत किल्टास टार्टन नांवाचें चौकड्यांचें लोकरी कापड सुमारें ८ वार लागतें. नऊवारी लुगड्याहून अवघें एक वार उणें! निऱ्या सर्व मागें, पुढील बाजू सपाट, आणि खालची कड गुडघ्याच्या मध्यावर. वस्त्रास खिसे नसल्यामुळें कमरेपुढें 'स्पोरन' नांवाची थैली लोंबते. वेषाचा दर्जा ठरतो तो येथून. सायंकाळच्या मेजवानीस ही थैली केसाळ कातड्याची व रुपेरी कडेची. अंगांत रुपेरी गुंड्यांचा आखूड काळा 'प्रिन्स चार्ली' कोट, आंत जाकीट व गळ्याशीं बो. दिवसाच्या समारंभास साधा कोट, नेकटाय आणि चामड्याची साधी थैली शोभते. नित्याच्या वापरास लोकरीचा स्वेटर, जाड मोजे व भक्कम बूट पुरेत.

समारंभाचा तोच खरा किल्ट, असें मानणारांनीं इतिहास पाहावा. किल्टाचा पूर्वज म्हणजे डोंगराळ मुलखांतील लोकांचें लांबरुंद लोकरी वस्त्र. दिवसा तें पट्ट्यानें कमरेस आवळावें, रात्रीं तेंच पांघरावें. कलोडनच्या लढाईंत बंडखोरांचा मोड झाल्यावर १७४६ सालीं सरकारनें कायद्यानें हा वेष बंद केला. पहिल्या अपराधास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षें हद्दपारी! मोकळीक होती ती लष्करी पलटणींस. बंदी उठली १७८२ सालीं. आणि १८२२ मध्यें चौथे जॉर्ज एडिंबरोस आले तेव्हां, सर वॉल्टर स्कॉट यांनीं योजिलेल्या सोहळ्यांत, त्यांनीं स्वतः किल्ट परिधान केला. डोंगरांतलें पांघरूण असें राजदरबारीं पोंचलें. अर्थात् नित्याचा किल्ट हाच घरांतला थोरला होय.

म्हणून आमचें मत असें : ज्याला किल्ट वारंवार नेसावयाचा आहे त्यानें खर्चाचा मोठा वांटा उत्तम लोकरी किल्टावर घालावा व एक साधा कोट घ्यावा, मेजवानीचा सरंजाम भाड्यानें मिळतो. काम एका दिवसाचें असेल तर सर्वच पोषाख भाड्यानें आणावा. त्यासाठीं वडिलांनीं कर्ज काढूं नये. वाढत्या वयाच्या मुलास तर हाच मार्ग. कारण किल्टाची खालची कड कापडाच्या विणींतलीच असते, आंत दुमडलेली नसते, त्यामुळें तो मागाहून लांब करतां येत नाहीं. चारपांच वारांचे हलके, कृत्रिम धाग्याचे किल्ट स्वस्त असतात व भटकंतीस सोयीचे. परंतु जाड लोकरीच्या निऱ्यांचा भारदस्तपणा त्यांस नाहीं, आणि वर उंची कोट घातल्यास ही उणीव अधिकच दिसते.

निमंत्रणपत्रिकेंत वेषाविषयीं काय लिहिलें आहे तें प्रथम वाचावें, आणि शंका राहिल्यास यजमानांस निःसंकोच विचारावें. पाहुण्यानें विचारलें म्हणून कोणी हंसत नाहीं.