बसून, पण बसल्या जागी नव्हे

देवपुरात दिव्यांगांच्या बसून खेळायच्या व्हॉलीबॉलचा विषय काढा, तीन आक्षेप ठरलेले. उडी नाही तो कसला व्हॉलीबॉल? त्यांना खेळ कशाला, नोकरी द्या. आणि आपल्याकडे सोय कुठे आहे?

पहिला आक्षेप खेळ न पाहताच घेतला जातो. या खेळाचं मैदान १० मीटर लांब, ६ मीटर रुंद. नेट पुरुषांसाठी १.१५ मीटर, महिलांसाठी १.०५. उभ्याच्या खेळात सर्व्हिस ब्लॉक करता येत नाही, इथे येते. स्मॅश मारताना बूड उचललं की फाउल. ज्या तळहातांनी फरशी रेटत सरकायचं, त्यांनीच पुढच्या क्षणी चेंडू घ्यायचा. उभ्याने खेळणाऱ्या पट्टीच्या खेळाडूला एकदा खाली बसवा. तळवे लाल होतील आणि चेंडू हाताला लागणार नाही. १९५६ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेला हा खेळ १९८०पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे, महिलांसाठी २००४पासून. इराणच्या पुरुषांनी त्यात आठ सुवर्णपदकं घेतली. ती कुणी दयेने दिली नाहीत.

दुसरा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण नोकरी लागल्यावर संध्याकाळी मैदानावर जायचं नसतं, असं धडधाकट माणसाला कुणी सांगतं का? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे आणि खेळाच्या संधीचं स्वतंत्र कलमही आहे. एक हक्क दाखवून दुसरा कापणं ही काटकसर नव्हे, लबाडी आहे.

तिसऱ्यात थोडं तथ्य आहे. मुरमाच्या मैदानावर सरकलं तर कातडी सोलून निघेल. पण बॅडमिंटन कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटरचं असतं. त्यात सरावापुरतं हे मैदान सहज बसतं. लग्नसराई सरली की मंगल कार्यालयांच्या गुळगुळीत फरशा रिकाम्याच असतात. खरी अडचण नेटची नाही, दारातल्या पायऱ्यांची, संडासाची आणि पांझरा नदीपलीकडून येण्याच्या रिक्षाभाड्याची आहे. त्यावर खर्च करा.

म्हणून मागणी साधी आहे: आठवड्यातून दोन संध्याकाळी एक हॉल, दाराशी रॅम्प, एक प्रशिक्षक. खेळाडू कमी पडले तर सरावाला कॉलेजची पोरं-पोरी बसतील. ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला शाल-श्रीफळ नको. सामना लावा, आणि दुसऱ्या दिवशी निकाल क्रीडा पानावर छापा.